दाखवा बघू हात : नखाखालचा ठणका आणि रक्तवाहिन्यांच्या गाठी

मागच्या अंकात आपण बोट आखडणं आणि मनगटात नस दबणं यावर बोललो आणि शेवटी मी सहज लिहिलं होतं की हातावर गाठ असेल तर कळवा. झालं, ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, बेलापूर सगळीकडून मेसेज आले. बहुतेक गाठी साध्या निघाल्या, मनगटावरचा गँगलियन, म्हणजे पाणी भरलेल्या पिशवीसारखी गाठ, वगैरे, त्यांना वेगळं उत्तर पाठवलंय. पण काही चक्क रक्तवाहिन्यांच्या गाठी होत्या, ज्या एरवी ओपीडीत महिनोन्महिने दिसत नाहीत, म्हणून हा अंक त्यांनाच. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही दिवाळे गावचे. माझी आई बेलापूरला मासळी विकते, वय ४४. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं नख चार-पाच वर्षं दुखतंय. बर्फात हात घातला की तिच्या डोळ्यातून पाणीच येतं, मग हात काखेत दाबून बसते. वरून सूज नाही, पू नाही. एका डॉक्टरांनी नखुर्डं म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी संधिवाताच्या टेस्ट केल्या, सगळं नॉर्मल, एक्सरे पण नॉर्मल. शेवटी एकांनी मानसिक आहे म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. शेजारच्या बायका म्हणतात कुणीतरी करणी केलीय. आता ती बोटाला चिंधी गुंडाळूनच धंद्याला बसते. काय करू?

उत्तर : ताई, करणी नाहीये आणि मानसिक तर मुळीच नाहीये. हात न बघता छातीठोक सांगता येत नाही पण बर्फ, नख आणि एकाच बोटात इतकी वर्षं ठणका हे तीन शब्द एका पत्रात आले की हँड सर्जनच्या डोक्यात एकच नाव येतं, ग्लोमस ट्यूमर. ट्यूमर म्हटलं म्हणून घरात रडारड करू नका, हा कॅन्सर नाही, याचा कॅन्सरवाला प्रकार फारच क्वचित सापडतो.

आता हे काय असतं ते सांगतो. आपल्या कातडीत, आणि नखाखाली तर खूपच, ग्लोमस नावाचे बारीक बारीक अवयव असतात. छोटी धमनी आणि छोटी शीर यांच्यामधला तो शॉर्टकट असतो, त्याच्याभोवती स्नायूसारख्या पेशी आणि भरपूर मज्जातंतू. थंडी-उष्णतेप्रमाणे बोटातलं रक्त कुठून किती जाऊ द्यायचं हे ते ठरवतात. त्यातल्या एकाच्या पेशी उगाच वाढल्या की गाठ होते, तीही केवढी, बहुतेक वेळा काही मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढी म्हणा हवं तर. पण वर कडक नख आणि खाली हाड, पसरायला जागाच नाही, त्यात थंडी लागली की अजून आवळतं, म्हणून एवढ्याशा गाठीचा एवढा तमाशा. पिएर मॅसन नावाच्या डॉक्टरांनी १९२४ मध्ये याचं नीट वर्णन केलं, म्हणजे गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे, तरी आजही पेशंट निदान व्हायच्या आधी वर्षानुवर्षं फिरत असतात. जास्त करून तिशी ते पन्नाशीतल्या बायकांना होतो आणि मला स्पष्टच वाटतं की म्हणूनच 'मानसिक' हा शिक्का इतक्या पटकन बसतो. हेच दुखणं पुरुषांना जास्त झालं असतं तर एवढ्या झोपेच्या गोळ्या लिहिल्या गेल्या असत्या का, शंकाच आहे.

घरी एक गोष्ट करून बघा. नेलपॉलिश असेल तर काढा, आईचा हात खिडकीच्या उजेडात धरा आणि नख नीट बघा. कधी कधी नखाखाली निळसर-गुलाबी ठिपका दिसतो, किंवा त्या जागेपासून नखाच्या टोकापर्यंत एक उभी रेघ, किंवा टोकाला छोटी चीर. मग बंद केलेल्या पेनाचं टोक नखावर एकेका जागी अगदी हलकं टेकवत जा. सगळीकडे ती गप्प बसेल आणि एका टिंबाएवढ्या जागेवर टेकवलंत की हात हिसकावून घेईल, आणि अर्धा सेंटिमीटर बाजूला टेकवलं तर काहीच नाही. याला लव्ह टेस्ट म्हणतात, लव्ह हे डॉक्टरांचं आडनाव. संधिवातात किंवा नखुर्ड्यात सहसा इतकं नेमकं दुखत नाही. ओपीडीत आम्ही पुढची टेस्ट करतो, हात वर करून रक्त उतरू द्यायचं, दंडाला बीपीचा पट्टा बांधून हवा भरायची आणि मग तीच जागा दाबायची. रक्तच नसल्यामुळे दुखायचं थांबतं, पट्टा सोडला की ठणका परत हजर. बर्फाची पण टेस्ट असते पण तुमच्या आईची ती रोज बाजारात होतेच आहे, वेगळी करायला नको.

एक्सरे नॉर्मल आला म्हणून काही नाही असं नसतं. गाठ जुनी असेल तर बोटाच्या शेवटच्या हाडाला वरून दाबून खोलगट खळगा पाडते, तो बाजूने काढलेल्या एक्सरेत दिसू शकतो, पण सगळ्यांना पडतोच असं नाही. चांगल्या मशीनवर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, किंवा एमआरआय करता येतो, एमआरआयच्या काही फोटोंत ही गाठ पांढरी चमकते. फक्त फॉर्मवर 'हात दुखतो' असं लिहून पाठवू नका, 'अमुक बोटाच्या नखाखाली ग्लोमस ट्यूमर आहे का' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर रिपोर्ट अख्ख्या पंजाचा येतो आणि नेमकी तीच जागा सुटते. आणि खूपच छोटी असली तर एमआरआयमध्येही निसटते, तेव्हा लक्षणं पक्की असतील तर आम्ही रिपोर्टपेक्षा पेनाच्या टोकावर विश्वास ठेवतो.

उपाय ऑपरेशनच, गोळीने ही गाठ जात नाही, मसाजने तर अजिबात नाही. बोट बधिर करून, बोटाच्या मुळाशी रबर बांधून रक्त थांबवून, डोळ्याला भिंग लावून करतात. बहुतेक वेळा नख अलगद उचलतात, खालच्या मऊ भागाला छोटा छेद देतात आणि करड्या-गुलाबी रंगाची गुळगुळीत गाठ बाहेर येते, मग तो छेद अगदी बारीक टाक्यांनी शिवतात. गाठ कडेला असेल तर बाजूने जाऊन नख न काढताही निघते. नवीन नख पूर्ण यायला चार-सहा महिने धरा, क्वचित ते थोडं वाकडं किंवा रेघ असलेलं येतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण जुना ठणका बहुतेकांचा लवकर जातो, जखम दुखते ती थोडे दिवस. थोडी गाठ मागे राहिली तर त्रास परत होऊ शकतो, म्हणून ज्यांना हाताच्या ऑपरेशनची सवय आहे अशा हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनकडेच करा. हार्बर लाईनने जीटीबी नगरला उतरलात की सायन हॉस्पिटल जवळच आहे, तिथे प्लास्टिक सर्जरीची ओपीडी असते. जुने सगळे कागद आणि एक्सरे न्या.

आणि आईला हे नक्की सांगा, टाके सुकेपर्यंत मासळी, बर्फ आणि पाटीतलं पाणी बंद. कोळंबीचा काटा लागलेली साधी जखमसुद्धा कशी चिघळते ते तुमच्या घरात मी सांगायला नको. तेवढे दिवस पाटीवर दुसरं कुणीतरी बसेल अशी सोय आधीच करा, नाहीतर ती तिसऱ्या दिवशी बाजारात दिसेल.

प्रश्न : सर, वय २९, ऐरोलीला आयटीत आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याच्या नखाखालचा ग्लोमस ट्यूमर काढला, बायोप्सीत पण तेच आलं. आता डाव्या हाताच्या मधल्या बोटाला सेम दुखणं सुरू झालंय, एसीमध्ये कीबोर्डवर बोट ठेवणं मुश्किल. आधीचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं का? अजून एक, काही संबंध आहे का माहीत नाही पण माझ्या अंगावर लहानपणापासून कॉफी कलरचे डाग आहेत, आई म्हणते जन्मखुणा.

उत्तर : संबंध आहे, आणि बरं झालं ते शेवटचं वाक्य लिहिलंत, सगळं उत्तर त्यातच आहे. आधीच्या सर्जनला बोल लावू नका, राहिलेली गाठ परत वाढली असती तर त्याच अंगठ्याला दुखलं असतं, दुसऱ्या हाताच्या दुसऱ्या बोटाला नाही. ग्लोमस एकच असणं हे नेहमीचं, पण एकापेक्षा जास्त बोटांत आला की आम्ही बोट सोडून पेशंटचा बाकीचा देह बघतो. कारण न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, थोडक्यात एनएफ-वन, हा जो जनुकीय आजार आहे त्यात बोटांचे ग्लोमस ट्यूमर सामान्य माणसापेक्षा जास्त दिसतात. २००९ मध्ये हेही दाखवलं गेलं की एनएफ-वनच्या पेशंटच्या या गाठींत एनएफ१ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात, म्हणजे हा योगायोग नाही.

आता डाग मोजा. मोठ्या माणसात दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील तर संशय घ्यायचा. काखेत, जांघेत तिळासारखे बारीक ठिपके आहेत का बघा, तिथे ऊन लागत नाही म्हणून ते ठिपके महत्त्वाचे. कातडीवर किंवा खाली मऊ गाठी आहेत का. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पवर बुबुळ बघायला सांगा, तिथे लिश नोड्यूल नावाचे छोटे दाणे दिसतात. नुसत्या एका लक्षणावर निदान होत नाही, आणि हे सगळं नसेल तर तुमच्या जन्मखुणा खरंच जन्मखुणाच असतील, म्हणून आजच गूगल करून रात्रभर जागू नका. साधारण तीन हजारांत एकाला हा आजार असतो, म्हणजे अगदी ऐकिवात नसलेला नाही, आणि जवळजवळ अर्ध्या लोकांच्या घरात आधी कुणालाच नसतो, त्यामुळे 'आमच्याकडे कुणाला नाही' यावरून तो नाही असं ठरत नाही.

निदान पक्कं झालं तर दोन-तीन गोष्टी कायमच्या. बीपी दरवर्षी, कारण या आजारात किडनीच्या धमनीमुळे किंवा अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीमुळे बीपी वाढू शकतं. बाई असाल तर, पत्रावरून कळलं नाही म्हणून लिहितो, स्तनाच्या कॅन्सरचा धोका पन्नाशीच्या आत जास्त असतो, त्यामुळे तपासणी तिशीपासून सुरू करायची, म्हणजे तुमच्या बाबतीत पुढच्या वर्षी. आणि मूल होऊ द्यायच्या आधी जेनेटिक कौन्सेलिंग, कारण प्रत्येक मुलाला हा जनुक जायची शक्यता ५० टक्के असते. बोटाचं ऑपरेशन तसंच करायचं जसं आधी केलं, फक्त यावेळी बाकीची नखं पण पेनाने तपासून घ्या, तिसरा असेल तर एकदमच निघेल.

जाता जाता, काही घराण्यांत अंगावर बऱ्याच निळसर गाठी असतात ज्यांना ग्लोम्युव्हेनस मालफॉर्मेशन म्हणतात, नाव मिळतंजुळतं आहे पण जनुक वेगळा, ग्लोम्युलिन, आणि त्याचा एनएफ-वनशी संबंध नाही. गूगलवर दोन्ही एकत्र येतात आणि लोक घाबरतात.

प्रश्न : घणसोलीहून. बायकोला सातवा महिना. भाजी चिरताना बोटाला विळी लागली होती, तिथे लालभडक फोड आलाय, महिन्याभरात वाटाण्याएवढा झाला आणि धक्का लागला की रक्त थांबत नाही. सासूबाईंनी दोरा बांधलाय.

उत्तर : दादा, दोरा आधी सोडा. वर्णनावरून हा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा वाटतो, बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, जखमेनंतर येतो आणि गरोदरपणात तर हमखास ऐकू येतो. रक्त आलं की स्वच्छ कापड धरून दहा मिनिटं सलग दाबा, दर मिनिटाला उघडून बघू नका. चुना, हळद, तंबाखू काही लावू नका. बाळंतपणानंतर काहींचा आपोआप आकसतो, पण रोज रक्त येत असेल तर बोट बधिर करून आत्ताही काढता येतो, त्याने बाळाला काही होत नाही, तिच्या डॉक्टरांना फक्त विचारा. काढलेला तुकडा मात्र बायोप्सीला पाठवायलाच लावा. कातडीचा एक वाईट कॅन्सर, मेलॅनोमा, कधी कधी काळा न दिसता असाच लाल दिसतो, तो मायक्रोस्कोपखालीच ओळखू येतो.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी आजी, वर्तकनगर. नात दोन महिन्यांची. जन्मली तेव्हा हाताच्या पाठीवर फिकट डाग होता, आता लालबुंद आणि फुगीर झालाय. सून गरोदर असताना ग्रहणात सुरी हातात धरली होती, त्यामुळे तर नाही ना? कॅन्सर नाही ना?

उत्तर : आजी, सुनेला आता तरी माफ करा, ग्रहणाचा काही संबंध नाही. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यांत दिसतो, पहिले काही महिने भराभर वाढतो आणि मग काही वर्षांत हळूहळू फिकटतो, असा जो लाल डाग, तो बाळांचा हिमँजिओमा. कॅन्सर नाही. बहुतेकांना काहीच करावं लागत नाही, पण डागावर जखम झाली, बोटाची हालचाल अडली किंवा फार वेगात वाढला तर औषध आहे, प्रोप्रॅनोलॉल, जे खरं तर हृदयाचं आणि बीपीचं जुनं औषध. २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांना दुसऱ्याच कारणासाठी ते देताना बाळांचे हिमँजिओमा आकसताना दिसले. हे फक्त बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत, कारण बाळाची साखर आणि नाडी खाली जाऊ शकते, उपाशीपोटी तर देतच नाहीत. अंगावर असे पाच किंवा जास्त डाग असतील तर पोटाची सोनोग्राफी करून लिव्हर बघतात. वाढीचे महिने हेच आहेत, तेव्हा पुढच्या लसीची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : कळवा. मुलगा १४ वर्षांचा. दोन्ही हातांची बोटं लहानपणापासून गाठीगाठीची. आधी हाडाच्या गाठी होत्या, आता निळ्या मऊ गाठी पण आल्यात. एक्सरेत हाडं पोकळ दिसतात. माफुची सिंड्रोम सांगितलंय. आमच्या घराण्यात असं कुणाला नाही. कुणाकडून आलं? धाकट्या मुलीला पण होईल का? पुढे त्याचं कसं होणार?

उत्तर : दादा, कुणाकडूनच आलं नाही. ना तुमच्याकडून, ना वहिनींकडून, हे आधी घरात दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर मोठ्याने सांगा. माफुची हा वारशाने येणारा आजार नाही. आईच्या पोटात बाळाची वाढ होत असताना काही पेशींत, बहुतेक मुलांत आयडीएच१ किंवा आयडीएच२ या जनुकात, बदल होतो आणि त्या पेशी जिथे जिथे जातात तिथे गाठी होतात. हे २०११ मध्ये कळलं. आजाराचं वर्णन मात्र १८८१ चं, इटलीतल्या आंजेलो माफुची या पॅथॉलॉजिस्टचं. त्यामुळे मुलीची काळजी करू नका.

यात दोन गोष्टी एकत्र असतात. हाडाच्या आत कूर्चेच्या, म्हणजे मऊ लवचिक हाडाच्या, गाठी, एन्कॉन्ड्रोमा, त्यामुळे एक्सरेत हाड पोकळ दिसतं आणि साध्या धक्क्याने मोडूही शकतं. आणि कातडीखाली रक्तवाहिन्यांच्या गाठी, स्पिंडल सेल हिमँजिओमा, त्यात रक्त साकळून कधी बारीक खडे होतात जे एक्सरेत पांढऱ्या गोल ठिपक्यांसारखे दिसतात. नुसत्या हाडाच्या गाठी असतील आणि निळ्या नसतील तर त्याला ओलिए म्हणतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी निळ्या गाठी आल्यावर नाव बदललं, ते बरोबर आहे.

लपवून उपयोग नाही, कूर्चेच्या गाठींचं पुढे कॉन्ड्रोसार्कोमात, म्हणजे कॅन्सरमध्ये, रूपांतर व्हायचा धोका या आजारात खरंच जास्त आहे, आणि मेंदूच्या काही गाठींचा पण. म्हणून बोटांची ऑपरेशनं किती आणि कधी हा मुद्दा दुसरा, पहिला मुद्दा हा की एकदा सगळ्या अंगाच्या हाडांची नोंद करून घ्यायची आणि मग आयुष्यभर ठरलेल्या वेळी हाडांच्या ट्यूमरच्या डॉक्टरांकडे जायचं, परळच्या टाटा हॉस्पिटलात त्यासाठी वेगळी ओपीडी आहे. एखादी जुनी गाठ अचानक वाढायला लागली, रात्री विनाकारण दुखायला लागली, किंवा डोकं सतत दुखून उलट्या होऊ लागल्या तर अपॉइंटमेंटची तारीख बघत बसायचं नाही. बोटांवरच्या सगळ्या गाठी काढून हात 'सरळ' करू असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या, ज्या गाठीमुळे लिहिताना, पकडताना अडतं किंवा सारखी लागते तेवढीच काढायची. शाळेत पीटीच्या सरांना भेटून कबड्डी बंद करा, पण पोहू द्या. आणि दहावीला पेपर लिहायला जास्त वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो, त्यासाठी दिव्यांग सर्टिफिकेटचं काम नववीतच सुरू करा, बोर्डाच्या फॉर्मच्या वेळी धावपळ नको.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत फिटर आहे, वय ३८. उजव्या तळहातावर करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ, गाठ आलीय, हात लावला तर उडते. करंगळी आणि शेजारचं बोट थंडीत पांढरं पडतं, मुंग्या येतात. मित्र म्हणतो चरबीची आहे, गल्लीतला डॉक्टर सुईने पाणी काढून देईल.

उत्तर : दादा, त्या सुईपासून लांब राहा, बाकी उत्तर नंतर वाचा. उडणारी गाठ म्हणजे आत धमनीचं रक्त आहे, सुई घातली तर काय होईल ते वेगळं सांगत नाही.

एक विचारतो, जाम झालेला पार्ट किंवा पाना हलत नसला की तळहाताच्या कडेनेच ठोकता ना? फिटर, मेकॅनिक, सुतार, सगळे ठोकतात. त्या जागी हॅमेट नावाच्या हाडाचा हुकासारखा आकडा असतो आणि त्याच्यावरूनच अल्नर धमनी जाते, वर्षानुवर्षं ठोकून ती आकड्यावर चेचली जाते, भिंत कमजोर होऊन फुगा येतो नाहीतर आत गुठळी होते, आणि गुठळीचे तुकडे पुढे जाऊन बोटांचं रक्त अडवतात. याला हायपोथेनर हॅमर सिंड्रोम म्हणतात. म्हणजे तुमची गाठ ट्यूमर नसून धमनीचा फुगा असण्याची शक्यता जास्त. शेजारूनच अल्नर नस जाते, ती दबली की मुंग्या.

ओपीडीत मूठ आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबतात आणि एकेक सोडून कुठल्या बाजूने हात परत लाल होतो ते बघतात, दोन मिनिटांची टेस्ट, पैसे लागत नाहीत. मग डॉपलर आणि गरजेप्रमाणे सीटी अँजिओग्राफी. फुगा असेल तर तो भाग काढून गरज पडल्यास पायातली किंवा हातातलीच शीर लावून धमनी जोडतात, साधी केस असेल तर औषधं आणि काम बदलूनही भागतं. बिडी-सिगारेट-तंबाखू काहीही चालू असेल तर ते आजच बंद, बारीक धमन्यांचा तो पहिला शत्रू. ईएसआयचं कार्ड असेल तर त्यावरून रेफर करून घ्या आणि कामाचं स्वरूप केसपेपरवर लिहून घ्यायला विसरू नका, हलकं काम मागताना तोच कागद लागेल. बोट निळं-काळं पडलं किंवा टोकाला जखम झाली तर ओपीडी नाही, सरळ कॅज्युअल्टी. तोपर्यंत पाना अडला तर हातोडी घ्या.